पाच जण, नऊ फेऱ्या: बँकॉकचा वादविवाद दौरा, दिवसागणिक

जागतिक विद्यापीठ वादविवाद स्पर्धा १९८१ साली ग्लासगोत सुरू झाली. तेव्हापासून ती बहुतेक वेळा नाताळ आणि नववर्षाच्या मधल्या आठवड्यात भरत आली आहे. २०१४ची चेन्नईला झाली, २०१५ची मलेशियात, २०२०ची बँकॉकच्या असम्प्शन विद्यापीठाकडे होती. इथे मांडलेला दौरा बँकॉकचा आहे. मुंबई-पुण्याहून जाणाऱ्या संघाला हे ठिकाण जवळचं आणि सोयीचं, शिवाय अशा दौऱ्यात जे जे बिघडू शकतं त्याचा नमुना इथे पुरेपूर मिळतो. तारखा दर वर्षी एखाद्या दिवसाने पुढेमागे होतात, दिवसांचा क्रम सहसा हाच राहतो.

निघण्याआधी

संघ दोघांचा असतो. विद्यापीठातून दोन संघ जाणार असतील तर सोबत एक परीक्षक न्यावा लागतो. संघ जितके, त्याहून एक कमी परीक्षक हा नियम. म्हणजे पाच जण. परीक्षक म्हणजे 'संघात निवड झाली नाही तो' अशी समजूत आपल्याकडे फार आहे आणि ती मुळातूनच चुकीची आहे. परीक्षकांची आधी ऑनलाइन चाचणी होते, स्पर्धेत त्यांना अभिप्रायावरून गुण पडतात आणि बाद फेऱ्यांसाठी त्यांचीही निवड होते. चांगला ऐकणारा, मुद्दे क्रमाने टिपणारा आणि निर्णयामागची कारणं नीट सांगू शकणारा माणूसच या जागी पाठवावा.

नोंदणी शुल्क परकीय चलनात, माणशी काही शे डॉलर किंवा युरोंच्या घरात जातं. त्यात बहुधा हॉटेल, जेवण आणि बस धरलेली असते. पैसे बँकेतून पाठवताना ए-२ फॉर्म लागतो. त्या वेळी मधल्या बँकांचं शुल्क कोण भरणार हे विचारलं जातं, तिथे 'ओयूआर' म्हणजे 'आम्ही भरू' हाच पर्याय निवडायचा. नाहीतर वाटेत काही डॉलर कापले जातात, आयोजकांकडे रक्कम कमी पोचते आणि नोंदणी अपुरी दिसते. शुल्क महाविद्यालय भरणार असेल तर मंजुरी, कोटेशन, लेखापरीक्षकाची सही यांत दीड-दोन महिने सहज जातात. हप्त्याची मुदत आयोजकांची असते, त्यासाठी ते थांबत नाहीत.

व्हिसाचे नियम बदलत राहतात. २०१९च्या डिसेंबरात भारतीयांना थायलंडमध्ये उतरल्यावर व्हिसा मिळे आणि त्यासाठी ४ बाय ६ सेंटीमीटरचा फोटो, परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि माणशी १०,००० बाथ जवळ असल्याचा पुरावा लागे. २०२३च्या नोव्हेंबरपासून भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ झाला. १ मे २०२५पासून परदेशी प्रवाशांना डिजिटल आगमनपत्र आधी भरावं लागतं. म्हणून मागच्या वर्षी जाऊन आलेल्या सीनियरच्या सांगण्यावर जायचं नाही, दूतावासाची चालू माहिती पाहायची. स्पर्धा युरोपात असेल तर गणित आणखी घट्ट होतं. शेंगेन व्हिसाला ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेचे उतारे आणि आयोजकांचं निमंत्रणपत्र लागतं, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि डिसेंबरच्या तारखा लवकर भरतात.

सामानात प्रत्येकी १०० पानांच्या दोन कोऱ्या वह्या, तीन रंगांची पेनं, बटणाचा साधा टायमर आणि छापील टिपणं. विषय कळल्यावर तयारीला पंधरा मिनिटं मिळतात, त्या वेळात इंटरनेट चालत नाही, छापील कागद चालतो. विषयवार २०-२५ पानं पुरतात. २०० पानांची फाइल नेली तर त्या पंधरा मिनिटांत पान शोधण्यातच वेळ जातो.

दिवस पहिला: मुंबई ते बँकॉक

उड्डाण साधारण चार ते साडेचार तासांचं. थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. फरक छोटा वाटतो, पण तिथल्या सकाळी सहाला शरीराच्या हिशेबाने साडेचारच वाजलेले असतात. रात्रीची स्वस्त विमानं पहाटे उतरवतात आणि हॉटेलची खोली दुपारी दोनच्या आधी सहसा मिळत नाही. लॉबीतल्या सोफ्यावर काढलेली ती सकाळ पुढच्या दोन दिवसांतही भरून निघत नाही. दिवसाचं विमान हजार-दोन हजारांनी महाग असेल तरी तेच घ्यावं. दौऱ्यातला सर्वांत चांगला खर्च तोच.

सुवर्णभूमी विमानतळावरून फाया थाईपर्यंत एअरपोर्ट रेल लिंक अर्ध्या तासात नेते. पाच जण आणि पाच बॅगा असतील तर टॅक्सी परवडते, पण मीटर चालू करायला आधी सांगायचं. आयोजकांची बस ठरलेल्या वेळांनाच सुटते, तेव्हा तिकीट काढतानाच तिचं वेळापत्रक पाहावं.

तिथल्या सॉकेटमध्ये आपल्या फोनच्या चार्जरची बारीक दोन पिनांची टोकं बसतात. लॅपटॉपची जाड तीन पिनांची बसत नाही. एक अॅडॉप्टर आणि एक चार तोंडांचा एक्स्टेन्शन बोर्ड पाच जणांना पुरतो.

शाकाहारी मंडळींनी पहिल्याच संध्याकाळी एक शब्द पाठ करावा: 'जे'. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो दुकानांवर दिसतो आणि त्या जेवणात मांस, मासळी, अंडं नसतं, कांदा-लसूणही नसतो. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर भाजीत माशाचा सॉस हमखास येतो, कारण स्वयंपाक्याच्या दृष्टीने ते मिठासारखंच आहे. फाहुरात भागात भारतीय जेवण मिळतं, पण स्पर्धेच्या दिवसांत तिथवर जायला वेळ नसतो. थेपले, दशम्या, चटणी, खाकरे असं चार दिवसांचं कोरडं खाणं सोबत असावंच.

दिवस दुसरा: नोंदणी

ओळखपत्र, बॅग, वेळापत्रक. त्यानंतर वक्त्यांना नियम समजावतात, परीक्षकांची वेगळी बैठक होते, इक्विटी म्हणजे समान वागणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या समितीची माहिती दिली जाते. ही शेवटची टाळून फिरायला जाणारे संघ दर वर्षी असतात. कोणत्या समूहाबद्दल कसं बोलायचं, तक्रार कुठे करायची हे तिथे कळतं आणि त्याचा भाषणावर थेट परिणाम होतो.

इंग्रजी ही ज्यांची दुसरी किंवा परकी भाषा आहे त्यांच्यासाठी वेगळे गट आहेत, ईएसएल आणि ईएफएल. सांगली किंवा नांदेडहून मराठी माध्यमात शिकून आलेल्या मुलांनी यात कमीपणा मानू नये. ईएसएलला स्वतंत्र बाद फेऱ्या आणि स्वतंत्र अंतिम फेरी आहे. पात्रतेचे प्रश्न मात्र वेळेत सोडवावे लागतात, संघाला तो दर्जा मिळण्यासाठी दोघेही पात्र असावे लागतात, आणि मुदत गेली की काही करता येत नाही.

दिवस तिसरा: फेरी १, २, ३

बस सकाळी सात-साडेसातला. असम्प्शन विद्यापीठाचा सुवर्णभूमी परिसर बांग ना–त्राट महामार्गावर २६व्या किलोमीटरपाशी, शहरापासून लांब आहे. अशा ठिकाणी बस चुकली तर टॅक्सीने वेळेत पोचण्याची खात्री नाही, आणि एक वक्ता नसेल तर संघाची ती फेरी गेल्यातच जमा. पाचांपैकी एकाने रोज सगळ्यांना उठवायची जबाबदारी घ्यावी, शक्यतो परीक्षकाने.

मोठ्या सभागृहात सगळे जमतात. पडद्यावर ड्रॉ येतो: खोली, चार संघ, कोणाची कोणती जागा. ब्रिटिश संसदीय पद्धतीत एका वादात चार संघ असतात, ओपनिंग गव्हर्नमेंट, ओपनिंग ऑपोझिशन, क्लोजिंग गव्हर्नमेंट, क्लोजिंग ऑपोझिशन. गव्हर्नमेंट विषयाच्या बाजूने बोलतं, ऑपोझिशन विरुद्ध; ओपनिंगचे आधी, क्लोजिंगचे नंतर. आठ भाषणं, प्रत्येकी सात मिनिटं. पहिल्या मिनिटानंतर आणि सहाव्या मिनिटापर्यंत समोरच्या बाजूला पॉइंट ऑफ इन्फर्मेशन, म्हणजे भाषण चालू असताना छोटा प्रश्न, विचारता येतो. आधी इन्फोस्लाइड म्हणजे विषयाची थोडक्यात माहिती, मग मोशन म्हणजे वादाचा विषय. मोशन दिसलं की पंधरा मिनिटं सुरू.

ही पंधरा मिनिटं म्हणजेच खरी स्पर्धा. हॉटेल, बस, थेपले, झोप हा बाकीचा सगळा खटाटोप ती शाबूत राखण्यासाठीच असतो. म्हणून त्यांचा हिशेब मिनिटा-मिनिटाचा.

पहिलं मिनिट: मोशन अक्षरन् अक्षर कागदावर उतरवायचं. फोटो काढून पुढे पळणारे संघ 'टीएचडब्ल्यू' (धिस हाउस वुड) आणि 'टीएचआर' (धिस हाउस रिग्रेट्स) यांत गोंधळतात. पहिल्यात सभागृह एखादी गोष्ट करणार असतं, दुसऱ्यात झालेल्या गोष्टीबद्दल खेद मानतं. तिथे ती गोष्ट घडली नसती तर जग कसं असतं हे रंगवावं लागतं. तो भाग विसरला तर बाकी भाषण कितीही चांगलं असो, पायाच नसतो.

दुसऱ्या ते चौथ्या मिनिटात खोलीकडे चालायचं आणि चालताना गप्प राहायचं. परिसर मोठा असेल तर चालण्यातच चार मिनिटं जातात. आदल्या दिवशी इमारतींचा नकाशा पाहून ठेवला असेल तर यातली दोन वाचतात. चालताना बोलत गेलं की पहिला सुचलेला मुद्दा दोघांच्याही डोक्यात घर करतो आणि दुसरा सुचतच नाही. पाचवं ते सातवं मिनिट दोघांनी वेगवेगळं लिहायचं. आठव्यापासून बाराव्यापर्यंत कागद जोडायचे, सर्वांत वजनदार मुद्दा कोण मांडणार ते ठरवायचं. उरलेल्या वेळात पहिल्या वक्त्याचं सुरुवातीचं वाक्य आणि समोरच्यांचा सर्वांत अवघड प्रश्न. प्रथेप्रमाणे खोली ओपनिंग गव्हर्नमेंटला मिळते. बाकी तिघांनी बाहेरच्या बोळात, जिन्यात, कुठे जागा मिळेल तिथे बसायचं.

समजा मोशन शहरातला बसप्रवास मोफत करण्याचं आहे आणि आपण क्लोजिंग गव्हर्नमेंट आहोत. गरिबांचे पैसे वाचतील, गाड्या कमी होतील, हवा सुधारेल हे ओपनिंग म्हणणारच. ते कागदावर लिहून त्यावर काट मारायची. उरतं काय ते शोधायचं: ऑफिसला न जाणारी, मुलाला शाळेत सोडून बाजार करून दवाखान्यात जाणारी बाई, तिच्या प्रवासाचे तीन-चार तुकडे होतात, प्रत्येकाचं तिकीट वेगळं, आणि घरखर्च आवळायचा झाला की आधी तिचाच प्रवास कापला जातो. हे एक्स्टेन्शन. मुद्दा नवा हवा, पण आपल्याच बाजूच्या ओपनिंगला खोटं पाडणारा नको. तसं केलं तर त्याला 'नाइफिंग' म्हणतात आणि परीक्षक ते चालवून घेत नाहीत.

उदाहरणांबाबत आपल्या संघांची एक सवय मोडायला हवी. एसटीतली महिलांची निम्म्या भाड्याची सवलत हे उत्तम उदाहरण आहे, पण खोलीत क्रोएशियाचा आणि केनियाचा परीक्षक बसलेला असतो. 'एसटी' म्हणून पुढे गेलं तर त्याच्या कागदावर काहीच उतरत नाही. 'माझ्या राज्यातल्या सरकारी बसमध्ये २०२३च्या मार्चपासून बायकांना अर्धं भाडं पडतं' एवढं एक वाक्य आधी टाकलं की तेच उदाहरण उभं राहतं. जोडीला रहिवाशांना २०१३पासून मोफत प्रवास देणारं एस्टोनियाचं टालिन शहर ठेवलं तर मुद्दा एका देशापुरता राहत नाही.

समोरच्यांची भाषणं टिपताना वही आडवी धरून आठ उभे रकाने पाडायचे, एका वक्त्याला एक. आपलं उत्तर त्याच ओळीत वेगळ्या रंगाने. व्हिपचं, म्हणजे बाजूच्या शेवटच्या वक्त्याचं, भाषण या कागदावरूनच करायचं असतं. त्याचं काम वाद कुठे जिंकला गेला ते दाखवणं. ऑपोझिशनच्या व्हिपने शेवटी नवा युक्तिवाद काढला तर त्याचं श्रेय मिळत नाही, कारण उत्तर द्यायला कोणी उरलेलं नसतं.

वेळ सात मिनिटांची, त्यापुढे १५-२० सेकंदांची सवलत. त्यानंतरचं परीक्षक लिहीत नाहीत. मराठी वक्तृत्व स्पर्धांतून आलेल्या मुलांना शेवटी कवितेच्या ओळीवर थांबायची सवय असते, आणि ती ओळ नेमकी या न लिहिल्या जाणाऱ्या वेळात पडते. सहाव्या मिनिटाची टाळी पडली की नवं काही उघडायचं नाही.

परीक्षकांची चर्चा पंधरा-वीस मिनिटं, मग निकाल आणि कारणं: पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला ०. प्रत्येक वक्त्याला ५० ते १०० मध्ये गुण, ७५ म्हणजे सरासरी. एक फेरी पावणेदोन तासांच्या आसपास जाते, पण पुढचा ड्रॉ सगळ्या खोल्यांचे निकाल आल्याशिवाय निघत नाही. एका पॅनेलने उशीर केला की शेकडो माणसं खोळंबतात. त्या मोकळ्या तासात झालेल्या वादाची चिरफाड करत बसू नये. खावं, पाणी प्यावं, गप्प राहावं. एसीमुळे घसा बसतो, कोमट पाण्याची बाटली जवळ असावी.

दिवस चौथा: फेरी ४, ५, ६

पहिली फेरी यादृच्छिक असते, दुसरीपासून सारख्या गुणांचे संघ एकत्र येतात. गट चारांनी पूर्ण होत नसेल तर खालचा संघ वर ओढला जातो, त्याला पुल-अप म्हणतात. काल तीन फेऱ्यांत दोन गुण मिळालेल्या संघाला आज सोप्या खोल्या मिळतील असं नाही, तिथे घसरलेले चांगले संघही असतातच. एक शून्य पडलं म्हणून काही संपत नाही. नऊ फेऱ्यांत कमाल २७ गुण. बाद फेऱ्यांची रेषा बहुधा १७-१८ च्या आसपास असते. १८ म्हणजे प्रत्येक फेरीत सरासरी दुसरा क्रमांक. दर वेळी पहिलं यायच्या नादात धाडसी, सर्वस्व पणाला लावणारी मांडणी करणारे संघ ३ आणि ० यांत हेलकावे खातात. सलग दुसरे येणारे शांतपणे पुढे जातात.

सहावी फेरी संध्याकाळी. थकवा आधी ऐकण्यात दिसतो, बोलण्यात नंतर. टिपणांचे रकाने रिकामे राहू लागले की समजावं. रात्रीचा कार्यक्रम टाळून साडेदहाला झोपणं हाच त्यावरचा उपाय.

दिवस पाचवा: ३१ डिसेंबर, फेरी ७, ८, ९

या तीन फेऱ्या बंद. निकाल नाही, अभिप्राय नाही. भाषण संपलं की बाहेर. ज्यांचे सहा फेऱ्यांत १२ गुण आहेत त्यांना आणखी सहा हवे असतात, आणि ते मिळताहेत का हे कळायला वाव नसतो. मग खोलीत कोणते संघ आहेत त्यावरून मागच्या फेरीचा अंदाज बांधण्याचा खेळ सुरू होतो. 'हे लोक इथे आहेत म्हणजे आपण मागे पहिले आलो.' पुल-अपमुळे हा अंदाज अनेकदा चुकतो, आणि अंदाज बरोबर असला तरी त्या माहितीचा पुढच्या पंधरा मिनिटांत काडीचा उपयोग नसतो. एकाने विषय काढला की दुसऱ्याने मोशनचा कागद पुढे करावा. जोडीदार म्हणून त्या दिवशी इतकं करता येतं.

रात्री जेवण आणि मग ब्रेक, म्हणजे बाद फेऱ्यांत गेलेल्या संघांची यादी, जाहीर होतो. पडद्यावर संघांची नावं खालून वर, ४८व्या क्रमांकापासून. सभागृहातली ती शांतता आणि मग एकेका कोपऱ्यातून उठणारा आवाज याला तोड नाही. गुण सारखे असतील तर वक्त्यांच्या गुणांची बेरीज ठरवते, म्हणून सातव्या फेरीत तिसरे येतोय असं वाटत असतानाही शेवटचं भाषण नीट करायचं असतं. एका गुणाने घर गाठणारे संघ दर वर्षी असतात.

बाहेर शहरात २५६३ साल लागत असतं. थाई पंचांग बुद्धाच्या महानिर्वाणापासून मोजतात, म्हणून २०२० तिथे २५६३. नदीकाठी आतषबाजी होते, रस्ते तुंबतात. दुसऱ्या दिवशी ज्यांना काही नाही त्यांनीच तिकडे जावं.

दिवस सहावा: १ जानेवारी

विश्रांती. माजी वक्त्यांची मास्टर्स स्पर्धा कधी याच सुमारास असते, स्पर्धेची कौन्सिलही याच आठवड्यात बसते, त्यात देशागणिक प्रतिनिधी मत देतात. पुढचं यजमानपद आणि नियमांतले बदल तिथे ठरतात. भारताच्या प्रतिनिधीला भेटून आपल्याकडच्या अडचणी सांगायला हरकत नसते. व्हिसाचा त्रास हा त्यातला नेहमीचा विषय. कपडे धुवायचे, औषधं तपासायची. नळाचं पाणी पिऊ नये, डासांसाठी मलम लावावं.

दिवस सातवा आणि आठवा: बाद फेऱ्या

पहिले १६ संघ थेट उपउपांत्यपूर्व फेरीला (ऑक्टोफायनल). १७ ते ४८ हे बत्तीस संघ आठ खोल्यांत खेळतात, प्रत्येक खोलीतून दोन पुढे. मग उपउपांत्यपूर्व, उपांत्यपूर्व, उपांत्य, अंतिम. इथे तिसरा-चौथा क्रमांक नसतो, गुण नसतात, अंतिम फेरी सोडता दोन संघ पुढे जातात आणि दोन थांबतात. त्यामुळे खेळणंही बदलतं: चारांत सरस ठरण्यापेक्षा दोघांच्या पुढे असणं पुरतं.

बहुसंख्य संघ बाहेर पडलेले असतात आणि त्यांतले बरेचसे बाजारात निघून जातात. हे दोन दिवस खरं तर दौऱ्यातले सर्वांत मोलाचे. प्रेक्षकांत बसून आठ रकान्यांची वही काढायची, परीक्षक असल्यासारखं टिपायचं, निकाल लागण्याआधी स्वतःचा निकाल कारणांसह लिहायचा. जाहीर निकालाशी तो जुळला नाही तर कुठे फाटा फुटला ते पाचही जणांनी शोधायचं. पाच बाद फेऱ्या अशा पाहिल्या की घरी परतल्यावर ज्युनिअरना शिकवायला वर्षभराचं साहित्य मिळतं.

दिवस नववा: परत

बोर्डिंग पास जपून ठेवायचे, जातानाचे आणि येतानाचे दोन्ही. महाविद्यालयाचा लेखा विभाग तिकिटाच्या पावतीवर भागवत नाही. टॅक्सीच्या पावत्या, चलन बदलल्याची पावती, सहभागाचं प्रमाणपत्र, सगळ्याचे फोटो विमानात बसायच्या आधी काढून एकाच फोल्डरमध्ये. थर्मल कागदावरची शाई महिन्याभरात उडते आणि कोऱ्या पट्टीवर कोणी पैसे देत नाही.

टॅब, म्हणजे सगळ्या फेऱ्यांच्या निकालांचा आणि गुणांचा तक्ता, प्रसिद्ध झाला की तो उतरवून घ्यावा. प्रत्येक फेरीत कोणती जागा होती, कोणता क्रमांक आला आणि दोघांना किती गुण पडले ते एका तक्त्यात भरलं की चित्र स्पष्ट होतं. ओपनिंगला कायम दुसरे आणि क्लोजिंगला कायम चौथे येणाऱ्या संघाने जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून फक्त एक्स्टेन्शनचा सराव करावा. सराव-फेरीला आठ वक्ते लागतात. एवढी मुलं एका महाविद्यालयात जमत नसतील तर शेजारच्या दोन महाविद्यालयांना निरोप द्यावा, आणि शनिवारी दुपारी एखादी रिकामी वर्गखोली मागून घ्यावी.